एडीएचडी असलेलं मूल आणि घरात बायपोलरचा इतिहास: मेंदूची रचना नेमकं काय सांगते?

नऊ-दहा वर्षांचा मुलगा. वर्गात एका जागी बसत नाही, वही अर्धी राहते, डबा शाळेतच विसरतो. रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबणं त्याला जमत नाही. शाळेतून तिसऱ्यांदा बोलावणं येतं आणि आई-बाबा त्याला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जातात. डॉक्टर अभ्यास, झोप, जेवण, मित्र असं सगळं विचारतात. मग एक प्रश्न येतो, "घरात कुणाला मानसिक आजार आहे किंवा होता का?"

खोलीत शांतता. आई बाबांकडे बघते. बाबा रोज रात्री एक गोळी घेतात. घरात ती 'बीपीची गोळी' म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती लिथियमची असते. "नाही, तसं काही नाही," असं उत्तर दिलं जातं आणि डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी उत्तरं आपल्याकडे नवीन नाहीत. लग्न, नोकरी, लोक काय म्हणतील, अशी अनेक कारणं त्यामागे असतात. मात्र गेल्या काही वर्षांत मेंदूवर जे संशोधन झालं आहे, त्यातून हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो आहे. एडीएचडी असलेल्या ज्या मुलांच्या आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला बायपोलर आहे, त्यांच्या मेंदूची रचना इतर एडीएचडी असलेल्या मुलांपेक्षा वेगळी असते का? आणि असली, तर त्याचा अर्थ काय?

हे समजून घेण्यासाठी आधी दोन्ही आजारांबद्दल थोडक्यात जाणून घेऊ.

एडीएचडी म्हणजे काय?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं आणि कृती करण्याआधी थांबून विचार करणं, या तीन गोष्टी ज्यात अवघड जातात अशी ही स्थिती. काही मुलांमध्ये लक्ष न लागणं जास्त असतं, काहींमध्ये अतिचंचलता आणि उतावीळपणा, तर काहींमध्ये दोन्ही.

जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज घेतला, तर साधारण ५ टक्के मुलांमध्ये एडीएचडी आढळतो. निदानासाठी अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची 'डीएसएम-५' ही नियमावली अनेक ठिकाणी वापरली जाते. ती २०१३ मध्ये आली. तिच्यानुसार लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसायला हवीत आणि ती किमान दोन ठिकाणी, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासालाच चुळबुळ करणाऱ्या मुलाला एडीएचडी आहे असं म्हणता येत नाही.

आणि बायपोलर म्हणजे?

बायपोलर डिसऑर्डरमध्ये मूडचे टप्पे येतात. एका टप्प्यात माणूस खोल नैराश्यात जातो. दुसऱ्या टप्प्यात, ज्याला मेनिया म्हणतात, त्याची ऊर्जा अफाट वाढते. दोन-तीन तास झोपूनही थकवा जाणवत नाही, बोलणं थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं, पैसे उधळले जातात, धोक्याचे निर्णय घेतले जातात.

बायपोलर-१ या प्रकारात मेनियाचा टप्पा किमान आठवडाभर टिकतो, किंवा रुग्णालयात दाखल करावं लागेल इतका तीव्र असतो. बायपोलर-२ मध्ये तो सौम्य, किमान चार दिवसांचा असतो, त्याला हायपोमेनिया म्हणतात. हा आजार बहुतेकदा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत उघड होतो. म्हणजे एडीएचडी लहानपणी दिसतो आणि बायपोलर त्यानंतर काही वर्षांनी.

मधली ही वर्षंच संशोधकांना महत्त्वाची वाटतात. आजार सुरू होण्याआधीच्या काळात मेंदूत काही खूण सापडते का, हे त्यांना बघायचं आहे.

दोन्हींमध्ये गोंधळ का होतो?

कारण वरवर पाहता काही लक्षणं सारखीच आहेत. खूप बोलणं, लक्ष विचलित होणं, अस्वस्थपणा, विचार न करता कृती करणं, हे एडीएचडीतही दिसतं आणि मेनियातही.

फरक ओळखण्यासाठी डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी बघतात. पहिली म्हणजे काळ. एडीएचडी हा स्वभावासारखा कायम सोबत असतो. सोमवारी असतो, शुक्रवारीही असतो, दिवाळीच्या सुट्टीतही असतो. बायपोलरमध्ये टप्पे असतात. "हा असा नव्हता, गेल्या दहा दिवसांत वेगळाच वागतोय," असं घरचे सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे झोप. एडीएचडी असलेल्या मुलाला झोप लवकर लागत नाही, पण ती कमी झाली तर दुसऱ्या दिवशी ते थकतं, चिडचिडं होतं. मेनियात झोपेची गरजच कमी होते.

ही सीमारेषा पुसट झाली की काय होतं, हे अमेरिकेने अनुभवलं आहे. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे डॉक्टरांकडे येणाऱ्या मुला-तरुणांमध्ये बायपोलरचं निदान सुमारे ४० पटींनी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. मुलं अचानक इतकी आजारी पडली नव्हती. सतत चिडणाऱ्या मुलांनाही बायपोलरचं लेबल लागत होतं. या पार्श्वभूमीवर 'डीएसएम-५'मध्ये अशा सततच्या तीव्र चिडचिडेपणासाठी वेगळं निदान आणलं गेलं.

याचा अर्थ दोन्ही आजार एकत्र असूच शकत नाहीत असा नाही. २०२१ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यानुसार एडीएचडी असलेल्या दर १३ प्रौढांपैकी साधारण एकाला बायपोलरही असतो, तर बायपोलर असलेल्या दर ६ जणांपैकी साधारण एकाला एडीएचडीही असतो.

घरात बायपोलर असेल तर मुलाला धोका किती?

हा प्रश्न पालकांच्या मनात सर्वात आधी येतो. सर्वसाधारण लोकसंख्येत बायपोलरचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के मानलं जातं. आई किंवा वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असल्याचं सांगितलं जातं.

हेच उलट बाजूने वाचा. अशा शंभर मुलांपैकी ९० किंवा त्याहून जास्त मुलांना बायपोलर होत नाही. धोका अनेक पटींनी वाढतो हे खरं आणि बहुतेक मुलं त्यातून सुटतात हेही तितकंच खरं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये बोरिस बर्माहर यांच्या गटाने बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००९ मध्ये त्यांनी अशा ३८८ मुलांची तुलना इतर २५१ मुलांशी केली. पहिल्या गटात बायपोलर आणि त्याच्या जवळच्या स्थितींचं प्रमाण १०.६ टक्के होतं, दुसऱ्या गटात ०.८ टक्के.

आनुवंशिकता दोन्ही आजारांत मोठी आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार एडीएचडीत ती सुमारे ७४ टक्के धरली जाते, बायपोलरमध्ये ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान. पण यामागे 'बायपोलरचं एक जनुक' नाही. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलरशी संबंधित ६४ जागा जनुकसंचात सापडल्या. २०२३ मध्ये एडीएचडीशी संबंधित २७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी छोटा आहे. दोन्ही आजारांची जनुकीय पार्श्वभूमी काही प्रमाणात सामाईक आहे, हेही आता स्पष्ट झालं आहे. एकाच कुटुंबात दोन्ही का दिसतात, याचं एक कारण इथे मिळतं.

एडीएचडी ही बायपोलरची पहिली पायरी असते का?

यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. डेन्मार्क आणि स्वीडनच्या राष्ट्रीय आरोग्य नोंदींमध्ये या दोन आजारांचं नातं ठळक दिसतं. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांतही बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांमध्ये एडीएचडी जास्त आढळला.

पण कॅनडात ॲन डफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा वेगळा क्रम दिसला. लहानपणी झोपेच्या तक्रारी आणि चिंता, मग किशोरवयात नैराश्य आणि त्यानंतर, काही जणांमध्ये, पहिला मेनिया. त्यांच्या मते एडीएचडी हा या वाटेवरचा खात्रीचा टप्पा नाही.

पिट्सबर्गच्या गटालाही पुढे असंच काहीसं दिसलं. कोणत्या मुलांना पुढे बायपोलर होईल हे सांगण्यात मूडची अस्थिरता, चिंता-नैराश्य आणि मेनियाची सौम्य लक्षणं ही तीन गोष्टींची माहिती जास्त कामाची ठरली.

म्हणजे घरात बायपोलर आणि मुलाला एडीएचडी, एवढ्यावरून 'पुढे याला बायपोलर होणार' असा निष्कर्ष काढता येत नाही. मग यातली कोणती मुलं खरोखर त्या वाटेवर आहेत, हे कसं ओळखायचं? याच टप्प्यावर मेंदूच्या रचनेचा विषय येतो.

मेंदूची रचना मोजतात कशी?

एमआरआयने. मूल साधारण काही मिनिटं यंत्रात शांत पडून राहतं. यात क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र वापरलं जातं. मिळालेल्या चित्राचे साधारण एक-एक मिलिमीटरचे बारीक ठोकळे करून संगणक मोजमाप करतो. यात मुख्यतः तीन गोष्टी बघितल्या जातात.

एक, मेंदूच्या बाहेरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची, जाडी. ती सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. दोन, या थराचं क्षेत्रफळ. मेंदूच्या घड्या उलगडून सपाट केल्या तर किती जागा व्यापेल, तसं काहीसं. आणि तीन, मेंदूच्या आतल्या भागांचं आकारमान. त्यात भावनांशी संबंधित अमिग्डला, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस, बक्षीस आणि प्रेरणेशी संबंधित ॲकम्बन्स असे भाग येतात.

इथे एक गंमतीशीर पण गंभीर अडचण आहे. यंत्रात डोकं किंचित जरी हललं, तरी चित्र धूसर होतं आणि संगणकाला कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा पातळ वाटू शकतं. आणि एडीएचडी असलेल्या मुलांना स्थिर पडून राहणंच तर कठीण जातं! म्हणजे काळजी घेतली नाही, तर मेंदूतला फरक समजून आपण फक्त चुळबुळ मोजून बसू. त्यामुळे चांगल्या अभ्यासांत मुलांना आधी खोट्या यंत्रात सराव दिला जातो आणि हललेली चित्रं बाजूला काढली जातात.

एडीएचडीमध्ये मेंदूत काय दिसतं?

सर्वात प्रसिद्ध निष्कर्ष २००७ चा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची वाढ तपासली. वाढत्या वयात कॉर्टेक्स आधी जाड होतो, एका वयात सर्वाधिक जाडी गाठतो आणि मग हळूहळू पातळ होतो. कॉर्टेक्सच्या निम्म्या भागाने ही सर्वाधिक जाडी गाठण्याचं वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षं होतं. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ते साडेदहा वर्षं होतं.

सर्वाधिक उशीर कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात होता. नियोजन, लक्ष आणि स्वतःला आवरणं ही कामं हाच भाग करतो. उलट, हालचालींशी संबंधित भाग एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये किंचित लवकर परिपक्व झाला होता. म्हणजे गाडीचं इंजिन तयार, पण ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी काहीशी स्थिती. महत्त्वाचं म्हणजे वाढीचा क्रम दोन्ही गटांत सारखाच होता. वेळापत्रक मागे होतं, रस्ता तोच होता.

त्यानंतर २०१७ मध्ये 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २३ केंद्रांमधली माहिती एकत्र केली. एडीएचडी असलेले १,७१३ आणि नसलेले १,५२९ जण, वय ४ ते ६३. एडीएचडीच्या गटात अमिग्डला, ॲकम्बन्स, हिप्पोकॅम्पस आणि आणखी दोन भाग, तसंच कवटीच्या आतलं एकूण आकारमान सरासरीने थोडं कमी होतं. हा फरक मुलांमध्ये जास्त होता, प्रौढांमध्ये तो उरला नव्हता. २०१९ मध्ये याच गटाने कॉर्टेक्स तपासला, तेव्हाही फरक प्रामुख्याने लहान मुलांमध्येच दिसला.

आता 'थोडं' म्हणजे किती, ते बघू. सर्वात मोठा फरक अमिग्डलामध्ये होता. समजा, एडीएचडी असलेली एक आणि नसलेली एक अशा दोन व्यक्तींची जोडी तुमच्यासमोर आहे आणि ज्याचा अमिग्डला लहान त्याला एडीएचडी, असा अंदाज तुम्ही बांधला. शंभर जोड्यांपैकी साधारण ५५ वेळा तुमचं उत्तर बरोबर येईल. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा आलं असतं. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलाबद्दल किती कमी सांगतो, हे यावरून लक्षात येईल.

बायपोलरमध्ये आणि नातेवाइकांमध्ये काय दिसतं?

बायपोलर असलेल्या प्रौढांमध्ये हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस सरासरीने थोडे लहान, तर मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या थोड्या मोठ्या असल्याचं 'एनिग्मा'ने २०१६ मध्ये दाखवलं. २०१८ मध्ये कॉर्टेक्सही अनेक ठिकाणी पातळ असल्याचं दिसलं. लिथियम घेणाऱ्यांमध्ये मात्र हे पातळ होणं कमी होतं.

बायपोलर असलेल्या किशोरवयीनांमध्ये अमिग्डला लहान असल्याचं अनेक अभ्यास सांगतात. पण तोच भाग एडीएचडीतही लहान दिसतो. म्हणजे फक्त अमिग्डला बघून या दोघांत फरक करता येणार नाही.

खरी रंजक गोष्ट पुढे आहे. ज्यांना स्वतःला बायपोलर नाही पण जवळच्या नात्यात आहे, अशांचं काय? २०१९ मध्ये 'एनिग्मा'च्या नातेवाइकांवरील अभ्यासात ३४ गटांमधल्या ६,००८ जणांची माहिती तपासली गेली. बायपोलर असलेल्यांच्या आई-वडील, मुलं, भावंडांमध्ये कवटीच्या आतलं आकारमान सरासरीपेक्षा कमी नव्हतं, तर किंचित जास्त होतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या नातेवाइकांमध्ये असं दिसलं नाही.

याआधी २०१३ मध्ये टोमाश हायेक यांच्या गटालाही असंच काही आढळलं होतं. बायपोलरचा कौटुंबिक धोका असलेल्या, पण आजारी नसलेल्या तरुणांमध्ये उजव्या बाजूच्या इन्फिरिअर फ्रंटल गायरसचं आकारमान जास्त होतं. आजार सुरू होऊन थोडाच काळ झालेल्यांमध्येही ते जास्त होतं. पण वर्षानुवर्षं आजार असलेल्या आणि लिथियम फारसं न घेतलेल्यांमध्ये तोच भाग लहान होता. हा भाग काय करतो? सुरू केलेली कृती ऐन वेळी थांबवणं, हे त्याचं एक मुख्य काम. एडीएचडीत नेमकं हेच काम अवघड जातं आणि थांबण्याची कामं देऊन केलेल्या चाचण्यांत एडीएचडी असलेल्यांमध्ये उजव्या बाजूचा हा भाग कमी सक्रिय दिसतो.

मग दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर?

आता कोडं लक्षात आलं असेल. एडीएचडीमध्ये एकूण आकारमान सरासरीने किंचित कमी, बायपोलरच्या नातेवाइकांमध्ये किंचित जास्त. एकाच मुलात दोन्ही असतील, तर दोन विरुद्ध दिशांचे धागे एकत्र येतात.

संशोधकांनी घरचा इतिहास न विचारता सगळ्या एडीएचडी असलेल्या मुलांना एकाच गटात टाकलं, तर हे फरक एकमेकांत मिसळून पुसले जाऊ शकतात. एडीएचडीवरचे मेंदूचे अभ्यास अनेकदा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

यावर उपाय म्हणून तीन गटांची पद्धत वापरली जाते. पहिला गट, एडीएचडी आहे आणि आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला बायपोलर-१ आहे. दुसरा गट, एडीएचडी आहे पण घरात बायपोलर नाही. तिसरा गट, दोन्ही नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या मेलिसा डेलबेलो आणि चीनमधल्या सिचुआन विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून असे अभ्यास केले आहेत. त्यात एडीएचडीची उत्तेजक औषधं न घेणारी मुलं निवडली गेली, म्हणजे दिसलेला फरक औषधांमुळे आहे की आजारामुळे, हा घोळ टळतो. एडीएचडीच्या दोन गटांमध्येही कॉर्टेक्स आणि आतल्या भागांच्या रचनेत सरासरी फरक असल्याचं यातून पुढे आलं.

या पद्धतीचा फायदा सरळ आहे. पहिल्या दोन्ही गटांत सारखी दिसणारी गोष्ट एडीएचडीशी जोडता येते. फक्त पहिल्या गटात दिसणारी गोष्ट कौटुंबिक धोक्याशी जोडता येते.

मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. असे अभ्यास साधारण प्रत्येक गटात काही डझन मुलांवर होतात. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणाने दाखवलं की मेंदूची रचना आणि वागणूक यांचा संबंध खात्रीने सांगायला हजारो लोकांची माहिती लागते. दुसरं, एकदाच काढलेलं चित्र म्हणजे एक फोटो. वाढता मेंदू हा चित्रपट आहे. त्याच मुलांची दर काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तरच कोणता फरक पुढे आजाराकडे गेला आणि कोणता वयानुसार मिटला, हे कळतं. तिसरं, फरक म्हणजे बिघाडच असंही नाही. धोका असूनही आजारी न पडलेल्या माणसाच्या मेंदूतला मोठा भाग ही त्याची संरक्षक ढालही असू शकते.

घरचा इतिहास डॉक्टरांना सांगितल्याने काय बदलतं?

सर्वात मोठा मुद्दा औषधांचा. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं दिली जातात आणि अनेक मुलांना त्यांचा चांगला उपयोग होतो. ती बायपोलरचा धोका असलेल्यांमध्ये मेनिया सुरू करतील का, ही भीती जुनी आहे.

स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या २,३०७ प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मूड स्थिर ठेवणारं औषध न घेता ज्यांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मेनियाचा धोका साडेसहा पटींहून जास्त वाढला. मूड स्थिर ठेवणारं औषध सोबत होतं, त्यांच्यात तो वाढला नाही, उलट कमी दिसला.

हा अभ्यास बायपोलर झालेल्या प्रौढांवरचा आहे. फक्त धोका असलेल्या मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण डॉक्टरांना घरचा इतिहास माहीत असेल, तर ते औषध निवडताना, डोस हळूहळू वाढवताना आणि पुढच्या भेटी ठरवताना त्याचा विचार करतात. झोप अचानक कमी झाली, मूड चढला, तर लगेच कळवा, असं पालकांना आधीच सांगून ठेवतात.

हे वाचून सुरू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. औषधांमुळेच मेंदू लहान होतो, ही भीतीही पसरलेली असते. २००२ मध्ये झेवियर कास्टेलानोस यांच्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांचा मेंदू सरासरी सुमारे ३ टक्के लहान आढळला होता. पण कधीच औषध न घेतलेल्या मुलांमध्येही तो लहान होता. मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंचं, म्हणजे व्हाइट मॅटरचं, प्रमाण तर औषध न घेतलेल्यांमध्येच जास्त कमी होतं.

मग मुलाचा एमआरआय काढून घ्यावा का?

एडीएचडी किंवा बायपोलरच्या निदानासाठी, नाही. आज असा कोणताही एमआरआय नाही, जो एका मुलाकडे बघून 'याला एडीएचडी आहे' किंवा 'याला पुढे बायपोलर होईल' असं सांगू शकेल. वर दिलेलं ५५ आणि ५० चं उदाहरण आठवा. झटके येणं, डोक्याला मार लागणं किंवा इतर शंका असल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात, तो वेगळा भाग. 'ब्रेन स्कॅनवरून एडीएचडीचं खात्रीशीर निदान' अशी जाहिरात दिसली, तर सावध राहा.

घरातल्या बायपोलरची माहिती मात्र फुकट मिळते आणि आजच्या घडीला ती एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी आहे.

भारतात काय स्थिती आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे अनेक घरांत आजार आहे पण त्याला नावच नाही. 'काका तापट होते', 'आजी मधूनमधून देवाचं फार करायची आणि रात्रभर जागायची', अशा आठवणींमध्ये तो दडलेला असू शकतो. डॉक्टरांना नाव सांगता आलं नाही, तरी अशा आठवणी जरूर सांगाव्यात.

निम्हान्स आणि बंगळुरूच्याच इतर संस्था मिळून अशा भारतीय कुटुंबांचा अभ्यास करत आहेत, जिथे एकापेक्षा जास्त सदस्यांना बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे. मेंदूच्या अभ्यासातली बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतली असताना हे काम महत्त्वाचं आहे.

माहिती बाहेर जाईल ही भीती असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. बोलायचं कुणाशी, हा प्रश्न असेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं

मुलाच्या झोपेची आणि मूडची साधी नोंद ठेवा, कॅलेंडरवर दोन शब्द लिहिले तरी पुरे. नेहमीची चंचलता आणि अचानक आलेला बदल यातला फरक त्यातून दिसतो. चिंता आणि उदासी यांकडे 'वयच तसं आहे' म्हणून दुर्लक्ष करू नका. आणि ज्या पालकाला स्वतःला बायपोलर आहे, त्याने स्वतःचे उपचार सुरू ठेवणं हीसुद्धा मुलाची काळजीच आहे.

आता सुरुवातीच्या त्या खोलीत परत जाऊ. डॉक्टरांनी प्रश्न विचारला आहे आणि बाबा गप्प आहेत. मेंदूचे हजारो फोटो काढून संशोधक ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत आहेत, त्याचा पहिला धागा त्यांच्याकडेच आहे. ती गोळी बीपीची नाही, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं, तरी मुलाचे उपचार जास्त सावधपणे, जास्त नेमके होऊ शकतात.